लोमेलची वाळू आणि रेडबडच्या चाकोऱ्या

आइंडहोव्हनमध्ये नोकरीनिमित्त राहत असताना मोटोक्रॉसची, म्हणजे खडबडीत मातीच्या ट्रॅकवर होणारी मोटारसायकलींची, पहिली मोठी शर्यत मी पाहिली, ती खेळाच्या ओढीने नव्हे, तर शर्यतीचे गाव घरापासून जेमतेम पाऊण तासावर होते म्हणून. सीमा ओलांडून बेल्जियममध्ये शिरले की थोड्या वेळाने लोमेल लागते, आणि तिथल्या झाडांच्या आड खोल, सैल वाळूचा एक ट्रॅक आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये तेथे ‘मोटोक्रॉस ऑफ नेशन्स’ भरली होती. या वार्षिक स्पर्धेत प्रत्येक देश तीन स्वार पाठवतो, प्रत्येक स्वार दोन शर्यती धावतो, आणि सहा निकालांपैकी सर्वांत वाईट निकाल वगळून उरलेल्या क्रमांकांची बेरीज ज्या देशाची सर्वांत कमी तो देश जिंकतो. अमेरिकेने त्याआधीची सात वर्षे ही स्पर्धा सलग जिंकली होती आणि त्या वर्षीही आपल्या मैदानी मालिकेतील दोन्ही वर्गांचे ताजे विजेते, म्हणजे रायन डंजी आणि ब्लेक बॅगेट, तिने पाठवले होते. तिसरा होता जस्टिन बार्सिया. संध्याकाळी जर्मनी पहिली, बेल्जियम दुसरा आणि अमेरिका तिसरी, असा निकाल लागला. त्यानंतर पुन्हा जिंकण्यासाठी अमेरिकेला दहा वर्षे वाट पाहावी लागली.

पुढे कामामुळेच मी मिशिगनला आलो आणि डेट्रॉइटच्या उपनगरातून गाडीने तीन तासांवर असलेले रेडबड हा मोटोक्रॉस ट्रॅक माझे नेहमीचे ठिकाण झाला. दोन्ही बाजू पाहिल्यामुळे पुण्यातील मित्र मला हमखास विचारतात की अमेरिकेचे स्वार चांगले की युरोपचे. या प्रश्नाचे सरळ उत्तर मी कधी देऊ शकलो नाही, आणि त्याचे कारण माझा मुत्सद्दीपणा नसून असे आहे की बाहेरून सारखे दिसणारे हे दोन व्यवसाय आतून बरेच वेगळे आहेत. सायकलवरून पेपर टाकणारा आणि सायकल शर्यतीत धावणारा यांची तुलना करण्याइतके ते वेगळे नाहीत, हे खरे. पण कसोटी क्रिकेट खेळणारा आणि वर्षातले पाच महिने वीस षटकांचे क्रिकेट खेळून मग कसोटीला उभा राहणारा, यांच्याइतके तरी नक्कीच आहेत.

मुळात हा खेळ युरोपचा. १९२४ साली इंग्लंडमध्ये सरे परगण्यातील कॅम्बर्लीजवळ झालेली ‘स्क्रॅम्बल’ ही त्याची पहिली शर्यत मानली जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ मध्ये नेदरलँड्समधील वासेनार येथे राष्ट्रांची स्पर्धा सुरू झाली, ती ब्रिटनने जिंकली. १९५७ पासून ५०० सीसी वर्गाला जागतिक विजेतेपदाचा दर्जा मिळाला आणि स्वीडनचा बिल निल्सन पहिला विजेता ठरला. त्या काळी अमेरिकेत मातीवरच्या शर्यती भरपूर होत असत, परंतु या प्रकारची मोटोक्रॉस जवळजवळ नव्हतीच. हुस्कवार्ना गाड्या आयात करणाऱ्या एडिसन डाय या व्यापाऱ्याने १९६६ मध्ये स्वीडनच्या टॉर्स्टन हॉलमनला तेथे नेले, तेव्हा स्थानिक स्वारांना तो कोणत्या जातीचा प्राणी आहे हे कळेपर्यंत शर्यत संपलेली असे. डायचा हेतू गाड्या विकण्याचा होता. पण त्यातून एक पिढी घडली. त्यानंतर दहा-एक वर्षे युरोपचे स्वार शरद ऋतूत अमेरिकेत येत, शिकवत आणि जिंकून परत जात. पाच वेळा ५०० सीसीचा जागतिक विजेता ठरलेला बेल्जियमचा रॉजर डी कोस्टर १९७४ ते १९७७ अशी चार वर्षे ट्रान्स-एएमए ही तिथली शरद ऋतूतील मालिका घेऊन गेला.

याच वर्षांत अमेरिकेत एक असा प्रकार रुजला ज्याने पुढचे सारे बदलून टाकले. जुलै १९७२ मध्ये माइक गुडविन या संगीत मैफली भरवणाऱ्या आयोजकाने लॉस एंजेलिसच्या कोलिझियम स्टेडियममध्ये माती आणून टाकली, तिच्यावर उड्या आणि वळणे उभी केली आणि तिकिटे विकली. सोळा वर्षांच्या मार्टी ट्राइप्सने ती शर्यत जिंकली. १९७४ पासून सुपरक्रॉसची अधिकृत मालिका सुरू झाली आणि (हा तपशील मला फार आवडतो) तिचा २५० सीसी वर्गातील पहिला विजेता पिएर कार्समेकर्स हा डच होता. म्हणजे अमेरिकेने शोधलेला खेळही पहिल्यांदा जिंकला तो माझ्या तेव्हाच्या शेजाऱ्यांपैकी एकाने.

आज अमेरिकेतील अव्वल व्यावसायिक स्वाराचे वर्ष या स्टेडियमच्या भोवती फिरते. जानेवारीपासून मे महिन्याच्या पूर्वार्धापर्यंत सुपरक्रॉसच्या १७ फेऱ्या, म्हणजे ठिकठिकाणी भरणाऱ्या १७ स्पर्धा, असतात. मोठ्या, म्हणजे ४५० सीसीच्या, वर्गाची मुख्य शर्यत २० मिनिटे आणि वर ट्रॅकची एक फेरी एवढीच. पण त्या वीस मिनिटांत एका मिनिटाहूनही कमी वेळात संपणारी फेरी पुन्हा पुन्हा मारायची असते आणि एका उडीचे माप चुकले तर हाड मोडण्याची हमी असते. ती मालिका संपल्यावर दोन-तीन आठवड्यांत तोच स्वार, तीच गाडी वेगळ्या सस्पेन्शनसह घेऊन, उघड्या मैदानावर येतो. तिथे प्रत्येक शनिवारी ३० मिनिटे आणि दोन फेऱ्यांच्या दोन शर्यती, म्हणजे दोन ‘मोटो’ असतात. हे ११ आठवडे ऑगस्टच्या अखेरीस संपतात. २०२३ पासून दोन्ही मालिका एकत्र बांधून सप्टेंबरमध्ये आणखी तीन निर्णायक फेऱ्या जोडल्या गेल्या आणि मोठ्या वर्गाच्या अंतिम विजेत्याला दहा लाख डॉलर मिळू लागले. अशा एकूण ३१ फेऱ्या झाल्यावर, अंगात जे काही उरले असेल ते घेऊन त्याने ‘नेशन्स’ला जायचे.

युरोपच्या, म्हणजे एफआयएम या आंतरराष्ट्रीय मोटारसायकल महासंघाच्या जागतिक मालिकेच्या, स्वाराला स्टेडियमची ही नोकरी नाही. मार्चच्या सुमारास सुरू होऊन सप्टेंबरपर्यंत चालणाऱ्या एमएक्सजीपी मालिकेत साधारण २० फेऱ्या असतात आणि त्या सगळ्या मैदानी. नाव जागतिक असल्यामुळे अर्जेंटिना, तुर्कस्तान अशा ठिकाणीही जावे लागते, पण मालिकेचा कणा युरोपातच आहे. परिणाम असा की तेथील स्वार हिवाळाभरही मैदानी सराव करतो, त्याच्या गाडीचे सस्पेन्शन वर्षभर एकाच प्रकारच्या कामासाठी सुधारत जाते, आणि अर्ध्या तासाच्या शर्यतीचा श्वास त्याच्या अंगवळणी पडलेला असतो. अमेरिकन स्वार कमी पडतो असे जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा त्याचे कॅलेंडर कमी पडलेले असते. अर्थात ही सबब मी पूर्णपणे मान्य करत नाही, कारण १९८१ ते १९९३ अशी सलग तेरा वर्षे अमेरिकेने ‘नेशन्स’ जिंकली तेव्हाही तिचे स्वार स्टेडियममध्ये धावतच होते.

१९८१ ची गोष्ट तर सांगायलाच हवी. त्या वर्षी अमेरिकेचे नामांकित स्वार जायला तयार नव्हते, म्हणून होंडाने आपलेच चार जण पाठवले: डॉनी हॅन्सन, डॅनी लापोर्ट, जॉनी ओ’मारा आणि चक सन. त्यांचा व्यवस्थापक होता तोच रॉजर डी कोस्टर, आता निवृत्त होऊन अमेरिकेच्या बाजूला आलेला. युरोपीय वर्तमानपत्रांच्या दृष्टीने हा दुय्यम संघ होता. त्यांनी आधी २५० सीसीची राष्ट्रांची स्पर्धा जिंकली आणि पुढच्याच आठवड्यात पश्चिम जर्मनीतील बीलस्टाइन येथे मुख्य स्पर्धाही जिंकली. पहिली स्पर्धा कुठे झाली होती? लोमेलला. ज्या वाळूत मी २०१२ मध्ये अमेरिकेची मालिका तुटताना पाहिली, त्याच वाळूत एकतीस वर्षांपूर्वी तिचा दबदबा सुरू झाला होता. १९८२ मध्ये ब्रॅड लॅकी ५०० सीसीचा आणि लापोर्ट २५० सीसीचा जागतिक विजेता झाला. शिष्याने गुरूच्या अंगणात येऊन विद्या दाखवली, असे तेव्हा युरोपला वाटले असेल.

वाळूविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण दोन खंडांमधील फरक पायांखाली जितका दिसतो तितका नियमपुस्तकात दिसत नाही. लोमेलच्या वाळूला जणू तळच नाही. चाळीस गाड्या दोनदा फिरल्या की सरळ रस्त्यावर कंबरभर लाटा उठतात, आणि पुढच्या फेरीत त्या लाटा जिथे होत्या तिथे नसतात. ब्रेक लावला की पुढचे चाक रुततेच, म्हणून स्वार वजन मागे टाकून, पायांवर उभा राहून, थ्रॉटल उघडे ठेवतो आणि गाडीला पृष्ठभागावर तरंगत ठेवतो. वळणाची जागा त्याने आधीच्या फेरीत पाहिलेल्या नव्हे, तर आता तयार झालेल्या वाळूवरून ठरवायची असते. अर्धा तास हे करताना हात, पाठ आणि मांड्या यांचे काय होते हे शर्यतीनंतर गाडीवरून उतरता न येणाऱ्या तरुणांकडे पाहिले की कळते. अमेरिकेतही मॅसॅच्युसेट्समधील साउथविकचा ट्रॅक वाळूचा म्हणून प्रसिद्ध आहे, परंतु तेथे वर्षातून एकदाच जायचे असते. लोमेलच्या आसपास मात्र अनेक व्यावसायिक स्वार घर घेऊनच राहतात.

अमेरिकन मैदानी ट्रॅकची भाषा वेगळी आहे. शर्यतीआधी ट्रॅक्टरने जमीन खोलवर नांगरतात, भरपूर पाणी मारतात आणि काही ठिकाणी भुसा मिसळतात. सकाळी तो ट्रॅक पेरणीला काढलेल्या शेतासारखा मऊ दिसतो. दुपारपर्यंत मात्र प्रत्येक वळणावर हातभर खोल चाकोऱ्या पडतात, आणि चाळीसपैकी प्रत्येकाला त्यांतली एक निवडून तिच्यातच राहावे लागते. आपण मराठीत ‘चाकोरीबाहेर जाणे’ हे कौतुकाने म्हणतो. रेडबडला चाकोरीबाहेर गेलेला माणूस कुंपणात सापडतो. या ट्रॅकवर वेगही जास्त आहे आणि उड्याही मोठ्या आहेत. रेडबडची ‘लारोकोज लीप’ ही चढावरची उडी प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय तिची कल्पना येत नाही. शिवाय अमेरिका हा देश नसून खंड आहे, हे मालिकेत जाणवते: कॅलिफोर्नियातील कोरडी, कठीण जमीन, कोलोरॅडोतील थंडर व्हॅली, जिथे सुमारे सहा हजार फूट उंचीवरील विरळ हवेत इंजिनांचाही दम कमी पडतो, आणि न्यूयॉर्क राज्यातील उनाडिला, जिथे डोंगरउतारावरच्या कुरणातून काढलेला जुना युरोपीय ढंगाचा मार्ग आहे. युरोपात पारंपरिक ट्रॅक बहुधा टेकडीच्या अंगावर, घट्ट आणि गुळगुळीत मातीवर असतात. तिथे पकड मिळवणे हीच कला असते. वाळू आणि ही निसरडी कठीण माती, अशा दोन टोकांमध्ये वाढलेला युरोपीय स्वार नांगरलेल्या मधल्या जमिनीवर कधी कधी सर्वांत अस्वस्थ दिसतो.

शनिवार-रविवारच्या मांडणीबाबत माझा कौल निःसंदिग्धपणे अमेरिकेला आहे. तिथे सर्व काही एका दिवसात उरकते: सकाळी वेळ मोजून पात्रता, दुपारी दोन मोटो, आणि संध्याकाळी माणूस घरी. एमएक्सजीपीत शनिवारी एक पात्रता शर्यत होते, तिच्यातून रविवारी गेटवर उभे राहण्याचा क्रम ठरतो, आणि २०२३ पासून तिच्या पहिल्या दहा जणांना गुणही मिळतात. मला हे गुण पटत नाहीत. पात्रता ही पात्रता असावी. तिला तिसऱ्या शर्यतीचा दर्जा दिल्यावर स्वार शनिवारीही जिवावर उदार होतात आणि रविवारी मुख्य शर्यतीत एक-दोन मोठी नावे दवाखान्यात असतात. गेटच्या मागेही फरक आहे: युरोपात चाकांखाली लोखंडी जाळी असते, त्यामुळे सर्वांची सुरुवात सारखी होते, तर अमेरिकन मैदानी मालिकेत स्वार अजूनही गेटमागची माती बुटांनी दाबून आपापली वाट तयार करताना दिसतात. न्याय्य पहिली पद्धत आहे. पाहायला मजा दुसऱ्या पद्धतीत आहे.

दोन नियम मात्र वरवर किरकोळ वाटले तरी माणसांची दिशा ठरवतात. युरोपच्या एमएक्स२ वर्गात, म्हणजे २५० सीसीमध्ये, तेवीस वर्षांची वयोमर्यादा आहे. ती ओलांडली की ४५० च्या वर्गात जागा मिळाली तर ठीक, नाहीतर चांगला स्वार रस्त्यावर येतो. अशा वेळी अमेरिका खुणावते, कारण तेथील मैदानी २५० वर्गात वयाची अशी अट नाही. मार्व्हिन मुस्कँ, केन रॉक्झेन, टॉम व्हियाल हे सारे एमएक्स२चे जागतिक विजेते होऊन तिकडे गेले, आणि त्यांचा मुक्काम केवळ नियमामुळे नव्हे तर पैशामुळेही लांबला, हे सांगायला नको. दुसरा नियम गाड्यांचा. अमेरिकेत १९८६ पासून दुकानात मिळणाऱ्या गाडीवरच आधारलेली गाडी वापरावी लागते; युरोपात कारखान्याने खास बनवलेली, बाजारात न आलेली गाडीही चालते. म्हणून नवी गाडी आधी युरोपात भिजते, चिखलात लोळते आणि मग जगाला विकली जाते.

प्रत्यक्ष तुलना करायची तर जे स्वार समुद्र ओलांडून गेले त्यांच्याकडे पाहावे. फ्रान्सचा जाँ-मिशेल बाइल १९८८ मध्ये १२५ सीसीचा आणि १९८९ मध्ये २५० सीसीचा जागतिक विजेता झाला, मग अमेरिकेत जाऊन १९९१ या एकाच वर्षात सुपरक्रॉस, २५० सीसी आणि ५०० सीसी अशी तिन्ही विजेतेपदे घेऊन गेला. स्थानिक प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. त्याने चेहऱ्यावर काही दिसू दिले नाही, आणि थोड्याच काळात कंटाळून रस्त्यावरच्या मोटारसायकल शर्यतींकडे वळला. उलट दिशेने, २०११ ते २०१४ असे सलग चार वर्षे सुपरक्रॉस जिंकलेला रायन व्हिलोपोटो २०१५ मध्ये एमएक्सजीपीत आला. त्याने थायलंडची फेरी जिंकली, इटलीत त्रेंतिनोच्या फेरीत पडून माकडहाड मोडून घेतले आणि तिथेच कारकीर्द संपली. अमेरिकेचा सर्वोत्तम माणूस युरोपात टिकला असता का, या प्रश्नाचे उत्तर त्या एका घसरणीने कायमचे हिरावून घेतले, याची मला अजून चुटपूट आहे. २०१७ मध्ये नेदरलँड्सचा जेफ्री हर्लिंग्ज इंडियानातील आयर्नमन येथे अमेरिकन मालिकेच्या शेवटच्या फेरीला पाहुणा म्हणून आला आणि एकूण विजेता होऊन गेला. त्यावर युरोपीय मित्रांनी मला आठवडाभर छळले. परंतु अमेरिकेच्या एलाय टोमॅकला त्या दिवशी वर्षाचे विजेतेपद पदरात पाडून घ्यायचे होते आणि हर्लिंग्जला गमावण्यासारखे काहीच नव्हते. पाहुण्याला घराच्या हप्त्यांची काळजी नसते.

२०१८ मध्ये ‘नेशन्स’ रेडबडला आली, तेव्हा सारे पारडे आपल्या बाजूला आहे असे मिशिगनच्या लोकांना वाटत होते. पाऊस इतका पडला की ट्रॅक आणि वाहनतळ यांत फरक उरला नाही. फ्रेंच प्रेक्षक साखळी काढलेल्या यांत्रिक करवती घेऊन आले होते आणि त्या घरघरवत होते, तर स्थानिक लोक तेथील रिवाजाप्रमाणे ‘रेऽऽडबऽऽड’ अशी लांबलचक आरोळी ठोकत होते. फ्रान्स सलग पाचव्यांदा जिंकला. अमेरिका पहिल्या तिघांतही नव्हती. पुढच्या वर्षी नेदरलँड्समधील ॲसेनच्या प्रसिद्ध डांबरी ट्रॅकवर वाळू पसरून स्पर्धा झाली, तेव्हा नेदरलँड्सने इतिहासात पहिल्यांदा ती जिंकली. अखेर २०२२ मध्ये, पुन्हा रेडबडलाच आणि पुन्हा चिखलातच, टोमॅक, चेस सेक्स्टन आणि जस्टिन कूपर यांनी अमेरिकेचा तेविसावा विजय मिळवला. माझ्या शेजारी उभे असलेले आजोबा, ज्यांना १९८१ आठवत होते, ते पावसात रेनकोटाची टोपी मागे टाकून उभे राहिले.

पुण्यातल्या मित्रांना हे सांगताना एक गोष्ट मुद्दाम सांगतो. जानेवारी २०२४ मध्ये बालेवाडीच्या क्रीडासंकुलात नव्या भारतीय सुपरक्रॉस लीगची पहिली फेरी झाली, म्हणजे आपण निवडलेला नमुना अमेरिकन आहे. ते समजण्यासारखे आहे: स्टेडियम शहरात असते, तिकिटे विकता येतात, दोन तासांत कार्यक्रम आटोपतो. लोमेल उभे करायला मात्र वाळू लागते, आवाज सहन करणारे शेजारी लागतात, आणि दर आठवड्याला मुलांना गाडीत घालून नेणारे पालक लागतात.

आणि आता ‘अमेरिका की युरोप’ हा प्रश्न विचारणाऱ्यांची पंचाईत झाली आहे. २०२३ मध्ये अमेरिकन मैदानी मालिकेत ४५० वर्गातील सर्वच्या सर्व २२ मोटो जिंकणारा जेट लॉरेन्स ऑस्ट्रेलियन आहे. तो आणि त्याचा थोरला भाऊ हंटर लहान वयात घरच्यांसह युरोपात येऊन तेथील ट्रॅकवर वाढले आणि मग अमेरिकेत कमवायला गेले. २०२४ मध्ये इंग्लंडमधील मॅटर्ली बेसिन येथे आणि २०२५ मध्ये थेट अमेरिकेच्या आयर्नमनवर ‘नेशन्स’ जिंकली ती या दोघांनी आणि काइल वेबस्टर या तिसऱ्या स्वाराने, ऑस्ट्रेलियासाठी. दुसरीकडे २०२३ आणि २०२४ चा एमएक्सजीपी विजेता, स्पेनचा होर्हे प्रादो, लहानपणी आईवडिलांसह स्पेन सोडून बेल्जियमला राहायला गेला, वाळू शिकला, आणि २०२५ मध्ये अमेरिकेच्या स्टेडियममध्ये ‘व्हूप्स’च्या, म्हणजे एकापाठोपाठ एक असलेल्या मातीच्या उंचवट्यांच्या, रांगांवर आपटत नव्याने शिकू लागला. गेल्या वेळी आइंडहोव्हनला गेलो असता सवयीने लोमेलकडे गाडी वळवली. आठवड्यातला सरावाचा दिवस होता. वाहनतळावर पाच-सहा देशांच्या नंबरपाट्या होत्या आणि ट्रॅकवर दहा-अकरा वर्षांची एक मुलगी छोट्या गाडीवरून त्याच कंबरभर लाटांमध्ये, पुन्हा पुन्हा पडत आणि गाडी उचलत, फेऱ्या मारत होती.